लिंफोमा : उपचारांआधी, उपचारांनंतर आणि कुणीच न विचारलेला प्रश्न

सुरंगीचा_वळेसर | बुधवार, रात्री ११:५०

हा धागा 'नातेसंबंध'मध्ये काढू की 'आरोग्य'मध्ये, यात आठवडा गेला. शेवटी आरोग्यात काढतेय. कारण जे लिहिणार आहे ते आजाराने केलंय, आमच्या दोघांपैकी कुणी नाही. एवढं कळायला मला दीड वर्ष लागलं.

आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूचे. हे ४४, मी ३९. थोडी कलमं, थोडे काजू, आणि ह्यांचं पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान. गेल्या वर्षी चतुर्थीनंतर ह्यांच्या मानेला गाठ आली. बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी सेल लिंफोमा निघाला, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. आर-चॉप नावाची केमो, दर २१ दिवसांनी, अशा ६ सायकल झाल्या. दर वेळी तुतारी एक्स्प्रेसने दादर आणि परत. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी पेट स्कॅनचा रिपोर्ट आला. गाठी नाहीत. गावात नारळ फोडले, मीही फोडला.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते.

गोष्ट गाठीपासून सुरू झालीच नव्हती. त्याच्या आधी चारपाच महिने, आंब्याच्या दिवसांत, ह्यांना रात्री घाम यायचा. मे महिन्यात आपल्याकडे घाम कुणाला येत नाही? पण ह्यांचा बनियन पिळून निघायचा, चादर बदलावी लागायची. वजन उतरत होतं, ते आम्ही पेट्या भरायच्या धावपळीवर ढकललं. आणि त्याच महिन्यांत हे माझ्याजवळ यायचे थांबले. मी हात लावला तर 'दमलोय' म्हणून कूस बदलायचे. माझ्या मनात नको ते आलं. मी सुटले म्हणून असेल, दुकानावर कुणी येत असेल. एका रात्री मी भांडले, फार वाईट बोलले. त्या माणसाच्या अंगात तेव्हा कॅन्सर होता आणि मी त्याला 'दुसरी कोण आहे' विचारत होते. याचं मला अजून वाईट वाटतं. आणि त्यांना काय वाटत होतं? आपण म्हातारे झालो. हे त्यांनी मला परवा सांगितलं.

केमो सुरू झाल्यावर सासूबाईंनी अंथरुणं वेगळी केली. त्यांचा हेतू चांगलाच होता, अंगातली ताकद जपायला हवी म्हणून. हे माजघरात, मी मुलीबरोबर आतल्या खोलीत. लाल औषध चढवलं की लघवी लाल व्हायची. वॉर्डात एकीने सांगितलं की ते विष बायकोलाही लागतं. खरं की खोटं विचारायला तोंड नव्हतं. पाच महिने मी ह्यांना औषध दिलं, उलटी पुसली, आंघोळ घातली. पण जवळ घेतलं नाही.

आता केस आलेत, जेवण जातं, दुकान उघडलंय. एकदा आम्ही प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्यानंतर हे पडवीत झोपायला जातात. उकडतं म्हणतात. बाहेर कोकणातला पाऊस कोसळतोय आणि ह्यांना उकडतं.

तपासण्यांसाठी आम्ही चौदा वेळा ओपीडीत गेलो असू. ताप विचारला, पोट विचारलं, बोटांना मुंग्या येतात का विचारलं. हे कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. तिथल्या माणसांनी ह्यांचा जीव वाचवलाय, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही.

हे केमोमुळे आहे का? परत येतं का? विचारायचं कुणाला? आणि एक. जीव वाचला ना, मग आता हे कसलं मागतेस, असं मीच मला रोज म्हणते. तसं मागणं चूक आहे का?

रातांबा | गुरुवार, सकाळी ७:१५

ताई, चूक नाही. मी तुमच्या मालकांच्या बाजूने लिहितो, कारण मी त्या खाटेवर होतो.

रत्नागिरीचा आहे. २०१५ साली, वयाच्या २७ व्या वर्षी मला हॉजकिन लिंफोमा झाला, लिंफोमाचाच दुसरा प्रकार. एबीव्हीडी नावाची केमो, दर १५ दिवसांनी एक डोस, असे १२ डोस. माझंही आधीच सुरू झालं होतं. अंगाला खाज, संध्याकाळचा बारीक ताप, आणि मन कशातच नाही. तेव्हा लग्न ठरत होतं, मुलगी पसंत होती, तरी माझ्या मनात काही हलत नव्हतं. मला वाटलं आपल्यातच खोट आहे.

डॉक्टरांनी केमोआधी वीर्य साठवून ठेवायला सांगितलं. त्यासाठी वडिलांबरोबर कोल्हापूरला गेलो. वडील बाहेर बाकावर बसलेले आणि मी आत डबी घेऊन उभा. त्या पाच मिनिटांइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. येताना गगनबावड्याच्या घाटात ते एवढंच म्हणाले, "झाड जाणार असं वाटलं की आपण काडी राखून ठेवतो ना, तसं समज." पुढे आम्ही त्यावर कधी बोललो नाही, पण त्या एका वाक्यावर मी बारा डोस काढले. रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी निघाले. औषधाचा एक थेंब अंगात गेला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या बाईंनी सांगितलं की हॉजकिनमध्ये असं बऱ्याचदा उपचारांआधीच दिसतं, घाबरू नका. ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात.

लग्न झालं, वेगळ्या मुलीशी. पहिल्याच भेटीत तिला सगळं सांगितलं होतं. शरीर चालत होतं, पण एक गोष्ट होत होती जी मी बायकोलाही दोन वर्षं सांगितली नाही. संबंधांनंतर घाम येतो ना, तो आला की माझा हात आपोआप मानेवर जायचा. गाठ चाचपायला. रात्रीचा घाम म्हणजे आजार, हे माझ्या अंगाने शिकून ठेवलं होतं. तिला वाटायचं, हा लगेच दूर का होतो. जेव्हा सांगितलं तेव्हा तिने पंखा माझ्या बाजूला फिरवला आणि स्वतः माझी मान चाचपली. "काही नाही," म्हणाली. अजूनही कधी कधी ती हे करते.

दोन वर्षांनी शुक्राणूंची संख्या पूर्ववत आली. मुलगी आता चार वर्षांची आहे. साठवलेलं वापरावं लागलं नाही.

घाटमाथा_ते_खाडी | गुरुवार, सकाळी ९:४०

दोघांबद्दलही सहानुभूती आहे. पण आमच्या घरात वडील आणि कॉलेजातला मुलगा दोघेही हे संकेतस्थळ वाचतात. हा विषय डॉक्टरांपाशी बंद खोलीत बोलण्याचा आहे. उघड्यावर आला की त्याचं गांभीर्य जातं असं मला मनापासून वाटतं.

कातळसडा | गुरुवार, दुपारी १२:०५

तुमची काळजी समजते. पण ताईंनी लिहिलंय की बंद खोलीत त्या चौदा वेळा जाऊन आल्या आणि तिथे हा शब्द निघाला नाही. मग निघणार कुठे?

हा विषय मराठीत उघडपणे बोलणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक आपल्याच किनाऱ्यावरच्या घराण्यातला. कर्वे मुरूडचे, दापोली तालुक्यातले. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाचकांचे खाजगी प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं ते छापायचे. त्या प्रश्नांमध्ये आणि या धाग्यात मला तरी फरक दिसत नाही. तुमच्या मुलाने हे वाचलं तर उद्या स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याला विचारायचे शब्द माहीत असतील.

कुडाळ_ओपीडी | गुरुवार, रात्री १०:३०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कर्करोगतज्ज्ञ नाही. पण मुंबई, कोल्हापूर, गोव्यातल्या बांबोळीहून केमो घेऊन आलेल्या बायका, आणि कधी त्यांचे नवरेही, माझ्याकडे येतात. ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं जमतील तशी देते. तुमच्या मालकांना तपासल्याशिवाय काही ठाम म्हणता येणार नाही हे धरून वाचा.

सगळ्यात आधी ते 'आधी'चं. तुम्ही लिहिलेली ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि रुग्णांना ती कुणी सांगत नाही. लिंफोमा हा पांढऱ्या पेशींचा आजार. या पेशी जे रासायनिक संदेश सोडतात त्यांनीच ताप येतो, घाम येतो, वजन घटतं, गळून जायला होतं. त्याच गळाठ्यात इच्छाही जाते. मग निदान, मग भीती. म्हणजे केमोची पहिली बाटली लागते तेव्हा नवरा-बायकोचं आयुष्य आधीच विस्कटलेलं असतं. नंतर दोघं 'पूर्वीसारखं' कशाशी ताडून बघतात? बऱ्याचदा त्या शेवटच्या आजारी महिन्यांशी, किंवा लग्नानंतरच्या वर्षांशी. दोन्ही मापं चुकीची.

आता औषधांचं. आर-चॉपमधलं व्हिन्क्रिस्टिन नसांवर परिणाम करतं. बोटांना मुंग्या, बद्धकोष्ठता हे आपल्याला माहीत असतं. पण पुरुषाच्या अवयवात रक्त भरायचा हुकूमही नसाच देतात, त्यामुळे ताठरपणा येण्यात अडचण येऊ शकते. त्या नसा हळूहळू सुधारतात, महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. सायक्लोफॉस्फमाइड अंडाशय आणि वृषणांवर परिणाम करतं. वृषणात शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी नाजूक असतात, हार्मोन तयार करणाऱ्या चिवट. म्हणून शुक्राणू घटले तरी पुरुषाचं हार्मोन बऱ्याचदा टिकून असतं. पण 'असेल' म्हणून सोडू नये, तपासावं. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळीच करायची, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड प्रत्येक सायकलला पाच दिवस भरपूर देऊन एकदम थांबवतात, त्यानंतरचे दिवस माणूस पार ढेपाळतो. ते केमो संपल्यावर राहत नाही. पण स्टेरॉइडने कुणाची साखर वाढून राहिली असेल तर ती बघायला हवी. हॉजकिनवाल्यांना मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइड कमी पडू शकतो, तोही काही वर्षांनी. इच्छा मरते, वजन वाढतं, आणि सगळे म्हणतात मनावर घेतलंय.

आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या. मुंग्यांसाठीच्या, झोपेच्या, मन उदास म्हणून दिलेल्या, रक्तदाबाच्या. यातल्या बऱ्याच गोळ्या इथे आड येतात. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. स्वतःहून मात्र एकही बंद करू नका.

ताठरपणासाठी औषधं आहेत, उपयोगीही आहेत. पण आर-चॉप आणि एबीव्हीडी दोन्हींत डॉक्सोरुबिसिन असतं, तेच लाल औषध, आणि ते हृदयावर परिणाम करू शकतं. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्याशिवाय आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मेडिकलमधून गोळी आणायची नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवणाऱ्याने तर ती घ्यायचीच नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो.

वॉर्डातल्या बाई अर्ध्या बरोबर होत्या. कॅन्सर संबंधांतून कुणाला लागत नाही. पण औषधांचा अंश काही दिवस शरीराच्या स्रावांत उतरतो, म्हणून डोसनंतर कमीत कमी दोनतीन दिवस, बरेच डॉक्टर आठवडा सांगतात, तेवढे दिवस निरोध वापरायचा. पांढऱ्या पेशी फार खाली असताना किंवा प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असताना संबंध टाळायचे. जवळ घेणं, मिठी मारणं, एका अंथरुणात झोपणं, यातलं काहीच बंद नसतं. तुम्ही पाच महिने जे सोसलंत त्यातलं बरंचसं सोसायची गरज नव्हती. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण पुढच्या कुणासाठी लिहायला हवं.

शेवटचा प्रश्न. लिंफोमाच्या रुग्णांचं जीवनमान मोजायची जी प्रश्नावली जगभर वापरतात, फॅक्ट-लिम नावाची, तिच्यात 'मी माझ्या लैंगिक जीवनाबद्दल समाधानी आहे' असं एक विधान आहे. तापाच्या आणि थकव्याच्या प्रश्नांसारखंच. त्याआधी एक चौकट आहे, उत्तर द्यायचं नसेल तर खूण करा आणि पुढे जा. म्हणजे ज्यांनी जगणं मोजायचं ठरवलं त्यांनीही हे जगण्यातच धरलंय. तुम्ही जास्तीचं काही मागत नाही आहात.

अबोली_पांढरी | शुक्रवार, पहाटे २:२०

झोप येत नाही म्हणून वाचत होते.

मी स्वतः रुग्ण. देवगड तालुका. हॉजकिन, आजार पुढे गेलेला म्हणून बीकॉप ही जास्त जोराची केमो दिली. तेव्हा ३६ वर्षांची होते. तिसऱ्या सायकलनंतर पाळी गेली ती गेलीच. डोक्याचे केस जातात हे सगळे सांगतात. भुवया, पापण्या आणि अंगावरचा एकूण एक केस जातो हे सांगत नाहीत. न्हाणीघरात मी दिवा न लावता आंघोळ करायचे.

नवरा जहाजावर असतो. सात-आठ महिन्यांनी येतो, दोन महिने राहतो. तो यायचा दिवस जवळ आला की पूर्वी मी दिवस मोजायचे. उपचारांनंतर तो येणार म्हटलं की पोटात गोळा यायचा. आत इतकं कोरडं झालेलं की सुरी फिरल्यासारखं दुखायचं. मी दात आवळून पडून राहायचे. त्याला कळू दिलं नाही, कारण तो बिचारा सात महिने वाट बघून आलेला आणि मी मरता मरता वाचलेली. त्याला काय सांगू, नको म्हणून? दोन सुट्ट्या अशा गेल्या.

तिसऱ्या सुट्टीत त्याने स्वतःच विचारलं, "तुला दुखतं ना?" मी ढसाढसा रडले. त्याला पहिल्या सुट्टीपासून कळलं होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. दोघांनी एकमेकांना सांभाळण्यात दीड वर्ष घालवलं.

मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. अंडाशय बंद पडलेत, अकाली रजोनिवृत्ती म्हणाल्या. माझा आजार हार्मोनवर वाढणारा नाही म्हणून केमोच्या डॉक्टरांना विचारून हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, हाडांसाठीही त्या लागतात म्हणे. जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं, आणि त्या वेळी वापरायला पाण्यात विरघळणारं जेल. तीन महिन्यांत फरक पडला. पूर्वीसारखं नाही, पण दुखत नाही.

पडाव | शुक्रवार, सकाळी ८:५०

धाग्यातल्या सगळ्यांना बरं वाटो. माझ्या ओळखीत अशक्तपणावर एका जडीबुटीच्या 'ताकदी'च्या कॅप्सूलचा गुण आला होता. ताईंच्या मालकांना चालेल का? आणि कोरडेपणासाठी घरचं खोबरेल चालत नाही का? आपल्याकडे घाण्याचं मिळतं.

कुडाळ_ओपीडी | शुक्रवार, दुपारी २:१५

पडाव, मनापासून विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. 'ताकदी'च्या बिनालेबल औषधांत सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरपणाच्या गोळीतलंच औषध, गुपचूप मिसळलेलं अनेक देशांत सापडलंय. म्हणून गुण येतो. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या माणसाच्या हृदयाला ते न सांगता देणं धोक्याचं. केमो चालू असेल तर कुठलाही काढा, अश्वगंधासुद्धा, डॉक्टरांना सांगूनच.

खोबरेल नुसतं बऱ्याच जणींना चालतं. पण निरोध वापरत असाल तर अजिबात नाही, तेलाने रबर फाटतं. आणि इथे निरोध महत्त्वाचा, कारण केमोत पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात. हा गैरसमज मी दर वर्षी बघते. रिटुक्सिमॅब, म्हणजे आर-चॉपमधलं 'आर', घेतलेल्या स्त्रीने शेवटच्या डोसनंतर १२ महिने गर्भ राहू द्यायचा नाही. आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून मुलासाठी तेवढं थांबा असंही पुष्कळ डॉक्टर सांगतात.

अबोली, सकाळी पेशंट बघायच्या आधी तुमचं वाचलं. आज आलेल्या केमोच्या दोन्ही बायकांना मी स्वतःहून विचारलं. त्यातली एक बराच वेळ बोलत होती.

माजघर | शुक्रवार, रात्री ९:३०

ताईनू, तुमी लिवलास ता वाचून रडाक इला. माज्या घोवाकय ह्योच आजार जालो, दोन वर्सां जाली. डॉक्टर विचारतत, काय त्रास? घोव म्हणता, काय नाय. मी भायर येवन गप बसतंय. माका शुद्ध बोलूक जमना नाय. ह्या इचारूचा तरी कसा?

सुरंगीचा_वळेसर | शनिवार, सकाळी ६:१०

सगळ्यांना एकेक करून उत्तर देईन. आत्ता एवढंच, रातांबांचं लिहिलेलं मी काल रात्री ह्यांना वाचून दाखवलं. मान चाचपायचं आलं तिथे हे उठून पाणी प्यायला गेले. परत आले ते माझ्या शेजारी बसले.

माजघर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं की आधी तुला सांगेन.

सुरंगीचा_वळेसर | तीन महिन्यांनंतर, रविवार, रात्री ११:१०

धागा वर काढतेय. चतुर्थीत घरात एकोणीस माणसं होती, त्यामुळे लिहायला बसता आलं नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही चिठ्ठी घेऊन गेलो. मी लिहिली, ह्यांनी वाचून एक ओळ घातली. रक्ताच्या रिपोर्टांबरोबर ती चिठ्ठी पुढे सरकवली. त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने वाचली, उठून पडदा ओढला आणि खुर्ची जवळ घेतली. "बरं झालं विचारलंत," म्हणाली. एवढ्यावर ह्यांचा जीव हलका झाला, ते मला दिसलं.

पिशवी ओतली. मुंग्यांसाठी रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलीन होती. ती यात आड येऊ शकते म्हणाली, हळूहळू कमी करून दुसरी दिली. टेस्टोस्टेरॉन सावंतवाडीला सकाळी आठला दोनदा तपासलं, खालच्या काठावर पण ठीक. इको चांगला आला. मग कमी ताकदीची गोळी लिहून दिली. आणि सांगितलं की पहिले पंधरा दिवस संबंध ठेवायचेच नाहीत. रोज थोडा वेळ एकमेकांना नुसता हात लावायचा, जिथे बरं वाटतं तिथे.

आम्हाला वाटलं, हे कसलं औषध. पहिल्या रात्री मी ह्यांच्या पायांना तेल लावायला घेतलं, मुंग्या येतात म्हणून. थोड्या वेळाने मी म्हटलं, आता तुम्ही माझा हात धरा. त्यांनी धरला आणि मग बोलले. केमोनंतर बोटांना कळतच नाही. "तुझा हात धरला तरी हातमोजा घालून धरल्यासारखा वाटतो. तूच आहेस हे डोळ्यांनी बघावं लागतं." म्हणून ते हात लावत नव्हते. मी मात्र समजत होते की आता मी नको झालेय.

मग आम्ही शोधलं, त्यांना कुठे कळतं. बोटांना नाही. मनगटाच्या वर कळतं. गालाला कळतं. बायोप्सीच्या व्रणाभोवती बधिर आहे, पण त्याच्या खाली दोन बोटांवर कळतं. पंधरा दिवस आमचे यातच गेले. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण एवढं बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं.

दर वेळी जमतं असं अजून नाही. गोळी घेऊनही एखाद्या दिवशी नाही जमत, मग आम्ही तसेच झोपतो. हे पडवीतून आत आलेत. सासूबाईंना मी सांगितलं, डॉक्टरांनी एकत्र झोपायला सांगितलंय. त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी नातीचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं. त्यांच्याबद्दल मी वर जे लिहिलं त्यात हेही असू द्या.

माजघर | सोमवार, सकाळी ७:००

ताई, ती चिठी माका लिवन देशात?

सुरंगीचा_वळेसर | सोमवार, सकाळी ७:२०

ही घे. जशी होती तशी. शेवटची ओळ ह्यांची आहे, ती तुझ्या माणसाला त्याच्या मनाने लिहू दे.

"डॉक्टर, आजार कळायच्या चारपाच महिने आधीपासून आमचे पती-पत्नी संबंध कमी झाले होते. केमोनंतर बंद आहेत. इच्छा आहे, पण शरीर साथ देत नाही. हे औषधांमुळे आहे का, कोणती तपासणी करायची, आणि कुणाला दाखवायचं, ते सांगा. समोर बोलायला संकोच वाटतो म्हणून लिहिलंय.

माझी बायको बाहेर बसली आहे, तिलाही आत बोलवा."

माजघर | सोमवार, सकाळी ७:४५

लिवन घेतलंय. बुधवारी जातलव.